वचन आणि प्रार्थना : ख्रिस्ती जीवनातील दोन शस्त्रे

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त बोरगाव येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत वक्त्याने स्वतःच्या धर्माविषयी न बोलता शेजाऱ्याच्या धर्मातील एखाद्या गोष्टीविषयी बोलावे, अशी विश्वस्तांची सूचना होती. ती आम्हांला मनापासून आवडली. आपल्या घराची स्तुती कोणीही करतो. शेजाऱ्याच्या घरात काय चांगले आहे हे कळण्यासाठी मात्र त्याच्या ओसरीवर घटकाभर बसावे लागते. आम्ही मुसलमान आणि पेशाने शिक्षक. तौरात, जबूर व इंजील ही नावे आमच्या घरांत आदरानेच घेतली जातात, आणि हजरत ईसांना आम्ही पैगंबर मानतो. ख्रिस्ती बांधवांच्या व आमच्या श्रद्धेत जे अंतर आहे ते आहेच. ते झाकण्याचे काही कारण नाही. परंतु माणसाला आपल्या मनाशी झगडावे लागते व त्या झगड्यात त्याला देवाच्या आधाराची गरज असते, याबद्दल दोघांत मतभेद नाही. म्हणून ख्रिस्ती माणूस तो झगडा कोणत्या साधनांनी करतो, एवढाच विषय आम्ही आज घेतला आहे.

या साधनांना ख्रिस्ती लोक शस्त्रे म्हणतात. हा शब्द ऐकून कोणी दचकेल. धर्म आणि शस्त्र हे दोन शब्द एकत्र आले की रक्तपात आठवतो, आणि इतिहासात तसे घडलेलेही आहे. म्हणून हा शब्द मुळात कोठून आला हे आधी पाहिले पाहिजे. नव्या करारात संत पौलाच्या नावाचे इफिसकरांस लिहिलेले एक पत्र आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात शस्त्रसामग्रीचे हे वर्णन येते. पत्र लिहिणारा त्या वेळी बेड्यांत होता. आजूबाजूला रोमन शिपायाचा पहारा, आणि त्याच शिपायाच्या अंगावरचा एकेक जिन्नस घेऊन त्याने आपला उपदेश मांडला असावा असे वाटते. कमरेला सत्याचा पट्टा, छातीवर नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेच्या वाहणा, हातात विश्वासाची ढाल, मस्तकावर तारणाचे शिरस्त्राण. आणि शेवटी आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचे वचन. एवढे झाल्यावर तो सर्व प्रसंगी प्रार्थना करीत जागे राहण्यास सांगतो.

या यादीत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक अशी की, सहांपैकी पाच वस्तू स्वतःच्या रक्षणासाठी अगर नीट उभे राहण्यासाठी आहेत. वार करणारी अशी एकच, तलवार. आणि दुसरी याहून महत्त्वाची. ही लढाई हाडामांसाच्या माणसांशी नाही, असे पौलाने यादीच्या आधीच बजावून ठेवले आहे. शत्रू म्हणजे शेजारी नव्हे, परधर्मीय नव्हे, दारावर पहारा करणारा शिपाईसुद्धा नव्हे. शत्रू म्हणजे दुष्टाईचे बळ, जे माणसाच्या मनात घर करून बसते. ही अट जो विसरला त्याच्या हाती या शस्त्रांपैकी एकही खरे उरत नाही.

आता वचनाचे शस्त्र कसे चालवायचे ते पाहू. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू रानात चाळीस दिवस उपाशी आहेत. सैतान येऊन तीन प्रकारे मोह घालतो : धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी घे, आणि मला नमन करून जगाची राज्ये घे. तिन्ही वेळा येशू नवे असे काही बोलत नाहीत. आपल्या जातीच्या जुन्या धर्मग्रंथातील, म्हणजे मोशेच्या अनुवाद नावाच्या पुस्तकातील, वचने सांगतात व तेवढ्यावर थांबतात. भुकेल्या पोटी, एकट्या माणसाला, ऐन वेळी युक्तिवाद सुचत नाही. लहानपणापासून जे अंतःकरणात साठवले आहे तेच उपयोगी पडते. आम्ही शिक्षक आहोत म्हणून सांगतो, पाठांतराची चेष्टा करण्याची हल्ली रीत पडली आहे. परंतु ज्याला काहीच पाठ नाही, त्याच्यापाशी अंधारात चाचपडून हाताला लागेल असे काय असते?

मात्र याच प्रसंगात एक धोक्याची सूचना दडलेली आहे. दुसऱ्या मोहाच्या वेळी सैतानसुद्धा शास्त्रवचनच पुढे करतो! स्तोत्रसंहितेतील आधार दाखवून तो सांगतो की, तू खुशाल उडी घे, देवदूत तुला झेलतील. म्हणजे वचन ठाऊक असणे एवढ्याने माणूस देवाच्या बाजूचा ठरत नाही. ते वचन तो कोणावर व कशासाठी चालवतो यावर सारे आहे. सैतानाने ते दुसऱ्याला पाडण्यासाठी उचलले. येशूंनी स्वतःला सावरण्यासाठी उचलले. तेव्हा कोणत्याही धर्माचा माणूस तोंडात वचन घेऊन पुढे आला, तर तो या दोहोंपैकी कोणाच्या रीतीने ते वापरीत आहे, हे पाहावे. आणि आरशात आपण स्वतः दिसलो, तर तेथेही हाच प्रश्न विचारावा.

प्रार्थनेचेही असेच आहे. गेथशेमाने बागेतील ती रात्र आठवा. येशूंनी शिष्यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले, आणि शिष्य झोपी गेले. येशूंनी मात्र प्रार्थना केली. पुढ्यात आलेला दुःखाचा प्याला टळावा असे मागितले, आणि शेवटी देवाच्या इच्छेपुढे मान तुकवली. पुढे शिपायांची टोळी आली तेव्हा जो झोपला होता त्या पेत्राने कमरेची तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. येशूंनी त्याला तलवार म्यानात घालावयास लावली, आणि त्या दासाचा कान बरा केला असे लूक सांगतो. ज्याने प्रार्थना केली तो शांत राहिला, आणि जो प्रार्थनेच्या वेळी झोपला त्याच्याच हाती लोखंडाची तलवार आली. प्रार्थना दुबळ्यांसाठी असते असे म्हणणाऱ्यांनी या रात्रीचा विचार करावा.

हे झाले पॅलेस्टाईनमधले. आपल्या मुलखात या शस्त्रांचा अनुभव कोणी घेतला? पहिले नाव आपल्या बेळगावचेच घेतो. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. तेथल्या मिशन शाळेत त्यांची बायबलशी ओळख झाली. पुढे मुंबईस शिक्षण झाले, परमहंस सभेशी संबंध आला, आणि अखेर १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेतल्या वाचनापासून या निर्णयापर्यंत बरीच वर्षे गेली. आप्तांची माया, लोकनिंदेचे भय आणि मनाला पटलेले सत्य यांची ओढाताण काय असते, ते त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात वाचावे. त्यांचा मार्ग आपणांस पटो वा न पटो, पटलेल्या गोष्टीची किंमत त्यांनी स्वतः मोजली, दुसऱ्याला मोजावयास लावली नाही. आणि ‘यमुनापर्यटन’ हे १८५७ सालचे त्यांचे पुस्तक पाहा. धर्मप्रचाराचा हेतू त्यात आहेच. परंतु हिंदू विधवांचे दुःख मराठी गद्यात इतक्या विस्ताराने त्यापूर्वी क्वचितच मांडले गेले असेल. वचनाने त्यांची नजर दुःखिताकडे वळवली, हे मान्य करावे लागते.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून घरच्या स्त्रियांना संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील व बहीण गेली, पुढे भाऊ गेला, पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास गेले, आणि तेथे मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. ज्यांनी पूर्वी डोक्यावर घेतले होते त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. तिकडे इंग्लंडातल्या धर्मगुरूंच्या सर्वच आज्ञा त्यांनी मानल्या असेही नाही. शास्त्र स्वतः वाचून पटेल तेच घेईन, असा त्यांचा बाणा होता. अशा दोन्हीकडून एकट्या पडलेल्या स्त्रीपाशी काय होते? वचन होते आणि प्रार्थना होती.

परंतु त्यांची प्रार्थना हात जोडून बसणारी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली; तेच मुक्ती सदन. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळ घालायचे म्हणजे काय, हे ट्रस्ट चालवणाऱ्या आपणांस सांगणे नलगे. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना काढला, अंध स्त्रियांना वाचावयास शिकवले. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले त्यांविरुद्ध याच बाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. पाहा, प्रार्थनेने त्या सरकारपुढे मुक्या झाल्या नाहीत!

पुढे १९०५ साली रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. सत्तर जणी पुढे आल्या, आणि ती संख्या वाढत पाचशेंच्या वर गेली. त्या वर्षीच्या प्रार्थनांत मुली आपापले दोष कबूल करून ढसढसा रडत, असे वर्णन आहे. जगभरच्या ख्रिस्ती लोकांत त्या घटनेची चर्चा झाली. तिचा धार्मिक अर्थ ख्रिस्ती बांधवांनी सांगावा. आम्हांला त्यात एवढेच दिसते की, भुकेने, मृत्यूने व लोकांच्या वागणुकीने ज्यांचे सर्वस्व लुटले होते, त्या मुलींना जगाविरुद्ध दात धरण्याचा पुरेपूर हक्क होता. प्रार्थनेत त्यांनी दुसऱ्याचे दोष मोजले नाहीत, स्वतःचे मोजले. ही तलवार आतल्या बाजूस चालते ती अशी.

शस्त्र कितीही चांगले असले तरी ते हाताला बसावे लागते. हजरत दाऊद, ज्यांना ख्रिस्ती लोक दावीद म्हणतात, ते लढाईस निघाले तेव्हा राजाने त्यांना आपले चिलखत चढवले. त्यांनी ते उतरवून ठेवले. आपल्याला याची सवय नाही म्हणाले, आणि गोफण घेऊन निघाले. मराठी ख्रिस्ती समाजाची कथा अशीच आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात रायतूर येथे आपले ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते मराठी ओवीत. १८११ साली सेरामपूरला केरी यांचा मराठी नवा करार निघाला. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी प्रार्थनेला अभंगाचा साज चढवला, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. रमाबाईंनी तर उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून सगळे बायबल एकटीने मराठीत आणले. काशी-कलकत्त्याच्या पंडितांशी संस्कृतात बोलणारी ही बाई. तिला पांडित्य दाखवायचे असते तर काय कठीण होते? परंतु तिने भाषा निवडली ती खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईला कळेल अशी. मुक्ती सदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल बाहेर पडले. गरिबाच्या हाताला बसेल अशी गोफण त्यांनी घडवली.

बंधुभगिनींनो, आमचे सांगणे आता संपत आले. आपल्या या सरहद्दीच्या मुलखात एका पेठेत मराठी, कानडी व उर्दू ऐकू येते. मंदिर, बस्ती, मशीद व चर्च यांत फार अंतर नसते. अशा ठिकाणी धर्मवचनांचा उपयोग दोन्ही प्रकारे होऊ शकतो. हल्ली खिशातल्या यंत्रावर वचने फिरतात. कोणी आपल्या ग्रंथातले वचन दुसऱ्याच्या अंगावर फेकतो, कोणी दुसऱ्याच्या ग्रंथातले वचन तोडून त्याच्याच तोंडावर मारतो. मागचेपुढचे वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्या वर्गातली मुलेही हे पाहतात, आणि धर्म म्हणजे दुसऱ्याला हरवण्याचा डाव अशी त्यांची समजूत होऊ लागते. आम्हांला काळजी आहे ती याची.

म्हणून विश्वस्तांना एक विनंती आहे. महोत्सवाची आठवण म्हणून गावातल्या मुलांसाठी एक कपाट ठेवावे. त्यात गाथा असावी, ज्ञानेश्वरी असावी, बसवण्णांची वचने असावीत, जैन आगमांचे सार असावे, कुराणाचा मराठी अनुवाद असावा, आणि रमाबाईंचे बायबलही असावे. आणि वाचणाऱ्या मुलाला एवढेच सांगावे : बाळा, या ग्रंथाने दुसऱ्याला काय सुनावले ते नंतर पाहू, आधी तो तुझ्याकडून काय मागतो ते शोध. रागाच्या वेळी आठवेल असे एक वचन पाठ कर. आणि रात्री निजण्यापूर्वी, ज्याच्याशी भांडलास त्याचे नाव घेऊन त्याचे भले माग. ख्रिस्ती असशील तर तुझ्या प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागण्याबरोबर क्षमा करण्याची अट आहेच. दुसरा कोणी असशील तर तुझ्या घरच्या प्रार्थनेतही ती सापडेल.

शत्रूच्या भल्यासाठी प्रार्थना करून उठलेल्या माणसाला त्याच्या अंगावर धावून जाणे फार अवघड होते. आमच्या मते या शस्त्राची खरी धार हीच.