बोललेले लिहिणारे यंत्र आणि सीमेवरची मराठी



ज्याच्या हाती लेखणी ठरत नाही वा डोळ्यांना अक्षर दिसत नाही, त्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. वर्षभराचा गृहपाठ कोण लिहिणार? येथे बोललेले अक्षरांत उतरविणारे यंत्र उपयोगी पडते. कर्णबधिर मुलाला तर गुरुजींचे बोलणेच पडद्यावर वाचता येते. गूगलने २०१७ साली मराठी व तेलुगूसाठी ही सोय केली; केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ चा.

परंतु यंत्राला आधी ऐकवावे लागते. ऐकलेल्या नमुन्यांवरूनच ते शब्द ओळखते. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या, आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील वांकिडीच्या परिसरात मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात. नमुने केवळ पुस्तकी मराठीचे असतील, तर तिथल्या मुलाचा शब्द भलताच उमटेल आणि चूक मात्र मुलाच्या नावावर जमा होईल. डोळस मूल ती खोडील. अंध मुलाला ती सहज कळणारही नाही. गोंडीला तर आठव्या अनुसूचीतही स्थान नाही.

ग्रंथालये छापलेले शब्द जपत आली. सीमाभागातील ग्रंथालयांनी आता संमती घेऊन मुलांचे व वडीलधाऱ्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करावे, आणि ते यंत्र घडविणाऱ्यांच्या हाती द्यावे.