गजर मुका निघाला तर जबाबदार कोण?
(भिलाई येथील कामगारांपुढे केलेले भाषण)



आपण ज्या रुळांवर गाड्या चालवतो, ज्या रुळांवरून टपालाच्या थैल्या देशभर जातात, त्यांतले कितीतरी रूळ या भिलाईत घडले आहेत. म्हणून इथल्या कामगाराच्या जिवाचा प्रश्न आम्ही परका मानत नाही.

12 जून 2014 रोजी इथल्या पोलाद कारखान्याच्या पंपघरात पाण्याचा दाब घसरला आणि पाण्याच्या वाटेने झोतभट्टीचा वायू उलटा आला. दोन उपमहाप्रबंधकांसह 6 जण दगावले. वायू हुद्दा विचारत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना डोळ्यांना दिसतो, ना नाकाला कळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी किंवा कोंदट न्हाणीघरातला गॅस गीझर घरातही हेच विष तयार करतो. ते ओळखायला यंत्रच लागते.

पण यंत्रच मुके निघाले तर?

मार्च 2018 मध्ये 'किड्डे' कंपनीला अमेरिकेत सुमारे 4 लाख 52 हजार धूरसूचक यंत्रे परत मागवावी लागली. कारखान्यात वापरलेली एक पिवळी टोपी काही यंत्रांत तशीच राहिली होती आणि तिने दोनपैकी एक सेन्सर झाकला होता. त्याआधी 2014 मध्ये 'नेस्ट' कंपनीच्या सुमारे 4 लाख 40 हजार यंत्रांबाबत असेच झाले. हात हलवून गजर थांबवण्याच्या सोयीमुळे खऱ्या आगीतही तो उशिरा वाजण्याचा धोका होता. हे जाहीर झाले ते कंपन्यांच्या दयेने नव्हे. धोकादायक दोष कळताच 24 तासांत सरकारला कळवा, असे तिथला कायदा बजावतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश काढू शकते. मात्र ती सूचना घरी पोचायला पत्ता लागतो. पावतीच घेतली नाही, तर कंपनीकडे पत्ता कुठला? अपुऱ्या पत्त्याच्या पत्राचे काय होते, हे टपाल कामगाराला आम्ही सांगायला नको!

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांत धूर ओळखणारी यंत्रणा असते. तिचा एखादा गट सदोष ठरला, तर तो कोणत्या डब्यांत बसवला आहे हे डेपोच्या नोंदवहीतून ताबडतोब सापडले पाहिजे. नाहीतर दुर्घटनेनंतर चौकशीचे बोट देखभाल करणाऱ्या फिटरकडे वळते, आणि सदोष माल पुरवणारा नामानिराळा राहतो.

एक गैरसमज दूर करू. चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा वाजला, म्हणजे बॅटरी आणि भोंगा ठीक आहेत एवढेच नक्की कळते. धूर सेन्सरपर्यंत पोचतो की नाही, हे कळतेच असे नाही. धूरसूचकाने कार्बन मोनॉक्साइडही कळत नाही. त्याचे यंत्र वेगळे असते. धूरसूचक बनवल्याच्या तारखेपासून 10 वर्षांनी बदलावे. वायूच्या सेन्सरचे आयुष्य त्याहून कमी असू शकते. यंत्रावरची मुदत पाहावी.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. प्रत्येक सूचक यंत्राचा गट क्रमांक, तारीख व जागा यांची नोंद ठेवावी आणि ती संघटनेच्या प्रतिनिधींना पाहता यावी.

2. परत मागवलेल्या मालाची सूचना मराठी, हिंदी व स्थानिक भाषांत डेपो, टपाल कार्यालये व कामगार वसाहतींतील फलकांवर लावावी.

3. सदोष यंत्र बदलेपर्यंत त्या जागी पर्यायी व्यवस्था करावी, आणि यंत्राच्या दोषाबद्दल कामगाराला शिक्षा होऊ नये.

आणि आपणही एक काम करू. घरातल्या यंत्राची पावती जपू, मागची तारीख वाचू आणि शंका आली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कळवू. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. शंभर जणांची तक्रार टेबलावर येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!