मदत कुणाच्या नावाने?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे येतं. तिथे ठरतं, पात्र की अपात्र. सातबारा कुटुंबात कुणाच्या नावे होता का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघतात. घरात लेकरं किती, कोणत्या वर्गात, हे त्या कसोटीत नाही.

पात्र ठरलं तर 1 लाख. त्यातले 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. हा आकडा 2006 च्या सुमाराचा. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मोठा वाटा सिंचनाचा नि व्याजमाफीचा. तेव्हा तिसरीत असलेलं पोरगं आज स्वतः बाप झालं असेल. लाखाचा मात्र लाखच राहिला, आणि त्यात आज काय येतं ते बियाणं-खतं विकत घेणाऱ्यांना मी काय सांगावं!

दिवाळी झाली की कापसाची वेचणी लागते. मजुरी किलोवर, म्हणून माय सकाळीच वावरात. धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी घरी राहते. हजेरीपटावर तिचं नाव असतं, पण वर्गात ती नसते. बाप गेल्याची खरी किंमत ती अशी चुकवते, आणि कुठल्याच पंचनाम्यात ती येत नाही.

उलट झरी जामणी, पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, अंगणवाडी बघा. 2015 पासूनच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. अंडं देताना बापाचं कर्ज कुणी विचारत नाही. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते.

तशीच बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गमावलेल्या मुलासाठी अठरा वर्षांपर्यंत दरमहा मदत. 2023 मध्ये ती 2,250 रुपये झाली. हप्ते रखडतात, ही तक्रार खरी आहे. तरी अर्ज कराच. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड घेऊन जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. वडिलांच्या प्रकरणावर ‘अपात्र’ शेरा पडला असला, तरी लेकराचा हा अर्ज त्यामुळे अडत नाही.