लॅपटॉपचें चित्र टेलिव्हिजनवर

घरीं लग्नाची चित्रफीत पाहावयास मंडळी जमावी, लॅपटॉप टेलिव्हिजनला जोडावा, आणि वधूवरांचे चेहरेच अंधुक दिसावे, हा अनुभव श्रोत्यांपैकीं पुष्कळांस असेल. मग महाग केबल आणली जाते. तो खर्च बहुधा व्यर्थ होय. केबल कोणत्या जातीची, हें मात्र अवश्य पाहावें.

१९८७ सालीं निघालेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी चित्राच्या अंकांचें विद्युत्‌लहरींत रूपांतर करते, व टेलिव्हिजनमध्यें त्या लहरींचे पुन्हा अंक होतात. या दुहेरी भाषांतरांत रेखीवपणा हरपतो. आवाज तर तिच्यांतून जातच नाहीं. २००२ सालच्या एचडीएमआय जोडणींत अंक अंकच राहतात. केबल सदोष असेल तर चित्र तुटेल, ठिपके चमकतील. पण तें अंधुक होणार नाहीं.

तरीही अंधुक दिसलें, तर माप तपासावें. पडद्याचे बिंदु १९२० × १०८० असतां लॅपटॉप १३६६ × ७६८ पाठवीत असेल, तर चित्र सुमारें १.४ पट ताणावें लागतें आणि बारीक रेषा विसकटतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें पडद्याचेंच माप निवडावें. कित्येक टेलिव्हिजन चित्र किंचित् फुगवून त्याच्या कडाही कापतात. काचनळीच्या जुन्या संचांची ही खोड नव्यांनीं निष्कारण जपली आहे! चित्राच्या सेटिंगांत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडतांच ती जाते.