अवघड जागेचं दुखणं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला उभा राहिलो की माझी जीभ अडखळत नाही. आज अडखळते आहे. पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींवर बोलायचं आहे. मायबहिणींनी उठून जाऊ नये. रात्री चार वेळा कोण उठतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

अवघड जागेचं दुखणं अन् जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. माझा जावई डॉक्टर नाही, तरी मी तीन वर्षं कोणाजवळ बोललो नाही. धार बारीक झाली होती. धुऱ्यावर बसलो की जोर करावा लागे, उठल्यावर पुन्हा थेंब थेंब. वयाचं आहे म्हणून सोडून दिलं. एका हिवाळ्यात ज्वारीच्या राखणीला होतो. सर्दी झाली, दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. पहाटे लघवी साफ बंद. ओटीपोट दगडासारखं. जीपमध्ये घालून खामगावला नेलं, नळी टाकली तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टरांनी समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी प्रत्येक पुरुषाला असते. पन्नाशीनंतर ती वाढते आणि नळी दाबते. साठीच्या निम्म्या पुरुषांत ती वाढलेली सापडते. सर्दीच्या काही गोळ्यांनी ती वाट आणखी आवळते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरही त्याच ग्रंथीत होतो, म्हणून तपासावं लागतं. पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. नाही भागलं तर पोट न फाडता दुर्बिणीनं ऑपरेशन होतं. बोटानं तपासतात म्हणून माणसं पळतात. अर्ध्या मिनिटाचं काम! गाय गाभण आहे का ते पाहायला डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालतो, तेव्हा आपणच तिची शेपटी धरून उभे असतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या गावांत किडनीच्या आजारानं घरंच्या घरं पोळली आहेत. पाणी उकळून खार जात नाही, उलट दाट होतो. पिण्यापुरतं तरी गोडं पाणी आणा. पण सगळा दोष बोअरवर टाकून मोकळे होऊ नका. साखर, रक्तदाब, आणि कंबर दुखते म्हणून रोज घेतलेली दुखण्याची गोळी, यांनीही किडनी जाते. जाताना ती दुखत नाही. लघवीला फेस राहतो, पायावर सूज येते, कधी तेवढंही दिसत नाही. रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवी तपासली की कळतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

केव्हा जायचं? लघवी बंद झाली तर त्याच तासाला. मुतखड्याच्या कळेसोबत थंडी-ताप आला तर त्याच दिवशी. लघवीत रक्त एकदाच दिसलं, काही दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी त्या आठवड्यात जायचंच; बिडी ओढणाऱ्यानं तर एक दिवस लोटू नये, कारण मूत्राशयाचा कॅन्सर असाच सुरू होतो. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, लघवीच्या जागी मुंग्या लागतात, तर आधी साखर तपासा.

तरण्या पोरांनो, धातू जाते म्हणून रस्त्याकडेच्या तंबूवाल्याला पैसे देऊ नका. बहुतेक वेळा तो आजारच नसतो. पू येत असेल, जळजळ होत असेल, तर तो संसर्ग. दवाखान्यात जा, आणि औषध नवरा-बायको दोघांनी घ्या.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशन बसतं की नाही ते भरती होण्याआधी त्याला विचारा.

चारचौघांत विचारायचं नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या लिंबाखाली बसतो. एकेकट्यानं या.