भाताची कापणी आणि मागच्या पिकाची ओल

कापणीला झालेल्या उशिराची किंमत त्या एकाच पिकाला मोजावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या पेडणे तालुक्यातील भातशेती पाहिली असता हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते. येथे भात आठ-दहा दिवस उशिरा कापले गेले, तर दाण्याचे नुकसान होतेच; परंतु भातामागून यावयाची चवळी, म्हणजेच गोव्यातील घरोघरचे अळसांदे, पेरणीपूर्वीच बुडालेले असतात.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले ज्योतीसारखे वाण ११० ते १२५ दिवसांत तयार होते. म्हणजे सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हा त्याच्या कापणीचा काळ होय. आणि नेमका हाच परतीच्या पावसाचाही काळ. अशा वेळी शेतकरी सणवार पाहतो, मजुरांची वाट पाहतो. पाहावयाचा राहतो तो दाणा. फुलोऱ्यानंतर सुमारे ३० दिवसांनी लोंबीतील शंभरापैकी ८० ते ८५ दाणे पिवळे झाले आणि बुडाकडील दाणे दाबून घट्ट लागले, की भात कापणीस आले असे समजावे. त्यापूर्वी कापल्यास दाणा हिरवा व पोचट राहतो. फार थांबल्यास तो झडतो, त्याला तडे जातात आणि गिरणीत कणी अधिक पडते. कापणीच्या वेळी दाण्यात शेकडा २० ते २४ भाग ओलावा असतो. साठवणीपूर्वी वाळवून तो १४ पर्यंत आणावा लागतो. म्हणून आकाश निवळताच, अर्धे शिवार पिकण्याची वाट न पाहता, तयार झालेला कुणगा आधी मोकळा करणे हेच शहाणपणाचे.

घाटावर सोयाबीन पिकविणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. शेंगा वाळल्यावर काढणी लांबली, तर त्या शेतातच तडकतात आणि दाणे मातीत जातात. शिवाय मागून पेरावयाच्या हरभऱ्याची ओलही उडून जाते.

पेडण्यातील जमीन मात्र एका जातीची नाही. उंचावरील मोरड जमिनीतून पाणी लवकर ओसरते. तेथे लवकर येणारे भात घेतल्यासच कुळीथ किंवा चवळी साधते. वाळूमिश्रित केर जमिनीत थोडी सवड मिळते, पण तीही फार नाही. खाडीकाठच्या खाजनात पावसाळ्यानंतर खारेपणा वर येतो. तेथे कडधान्याचा आग्रह धरू नये. तिळारीच्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते, तेथे वायंगण भात घेता येते. तरीही भातावर सतत भातच घेण्यापेक्षा मधूनमधून द्विदल पीक घेणे हितावह असते.

यालाच आपल्याकडील जुने शेतकरी बेवड म्हणत आले. चवळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, ही गोष्ट जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केली. शेंगा घरात आल्यावर मुळे व पाला जमिनीतच कुजू दिला, तर पुढच्या भाताचा खतावरील खर्च काही अंशी हलका होतो.

एवढे लाभ असूनही भातानंतर अनेक शेते पडीक राहतात. याचे एक मोठे कारण मोकाट गुरे हे होय. शिवारातील भात उठले, की गुरे सोडली जातात. मग एकट्यादुकट्याने केलेली चवळी त्यांच्या तोंडी पडते. एका शेतकऱ्याने चार बाजूंनी कुंपण घालणे परवडत नाही. परंतु एका शिवारातील सर्वांनी जवळजवळ एकाच मुदतीचे वाण लावले, कापणी एकाच आठवड्यात उरकली आणि गुरे राखण्याची पाळी वाटून घेतली, तर तेच काम सोपे होते.

तेव्हा दुसऱ्या पिकाचा विचार कापणीनंतर नव्हे, तर जूनमध्ये भाताचे वाण निवडतानाच व्हावयास हवा. जमिनीतील ओल कोणासाठी थांबत नाही. ती असेतोवर बी मातीत पडले, तरच घरात भाताबरोबर अळसांदेही येतील.