घरपट्टीच्या बिलावर कुणाचं नाव आहे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



माझ्याआधीच्या वक्त्यांनी पंचवीस वर्षांच्या आठवणी इतक्या छान सांगितल्या की त्यात मी भर घालत नाही. सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही काहीतरी उपयोगाचं बोला." म्हणून मी घरपट्टी आणि पाणीपट्टीवर बोलणार आहे. चहा मागे तयार आहे हे मला माहीत आहे. पण भगिनींनी तरी दहा मिनिटं बसावं. का, ते लगेच सांगतो.

आपल्या सोसायटीतले एक सभासद तीन वर्षांपूर्वी गेले. शेअर सर्टिफिकेटवर वहिनींचं नाव रीतसर लागलं. पुढे मुलाच्या कामासाठी पंचायतीचा घराचा उतारा लागला, म्हणून त्या पंचायतीत गेल्या. तिथे कळलं की फ्लॅट अजून बिल्डरच्याच नावावर आहे. बिलं इतकी वर्षं बिल्डरच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर निघत होती, आणि ते ऑफिस कधीच बंद झालंय. मागची सगळी थकबाकी भरल्याशिवाय नाव बदलणार नव्हतं. नवरा गेल्याच्या दुःखात त्या बाईंनी कुणाच्या तरी जुन्या बाकीचे पैसे भरले. मी सोबत गेलो होतो, म्हणून हे सांगू शकतो. आणि आपल्याकडे अशा नोंदी आणखी आहेत.

बोईसर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तारापूरचं अणुवीज केंद्र आठवतं, एमआयडीसी आठवते. 1969 पासून इथे अणूपासून वीज होतेय. पण कारभार ग्रामपंचायतींचा. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ. एक रस्ता ओलांडला की पंचायत बदलते. पालघर शहरात नगरपरिषद आहे, तिथे बाकी थकली की दरमहा दोन टक्के शास्ती लागते. आपला कायदा वेगळा, 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम. त्यातही बिल, मग मागणीचा लेख आणि शेवटी जप्ती, असा वसुलीचा रस्ता आहेच. पंचायत सदस्यानेच बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. ही तरतूद मला फार आवडते.

आता पंचायतीचे कागद. बँकेच्या भाषेत सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. नमुना 8 म्हणजे खातं: घर कुणाचं, क्षेत्रफळ किती, वापर कसला, कर किती. नमुना 9 म्हणजे कुणाकडून किती येणं आहे त्याची वही. त्यावरून तुम्हाला येतं ते बिल 9क, आणि पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना 10. आपण फक्त पावती जपतो, खातं कुणी उघडून बघत नाही. बँकेत पासबुक न बघता वीस वर्षं पैसे भरणारा खातेदार मी पाहिला नाही. पंचायतीत मात्र आपण सगळे तसेच.

बिलाच्या ओळीही वाचा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य म्हणजे सफाई, आणि पाणीपट्टी. पूर्वी घरपट्टी चौरस फुटावर होती. 31 डिसेंबर 2015 च्या नियमांनी ती भांडवली मूल्यावर आली. त्यात जागेचा रेडीरेकनर दर धरतात, बांधकामाचा दर धरतात, आणि बांधकामाच्या दरात इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. म्हणजे केक कापण्याबरोबर घसारा तपासण्याचंही हे वर्ष आहे! आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. राहत्या फ्लॅटला चुकून व्यापारी वापर लागला असेल, तर कर वाढून येतो. आकारणी पटत नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर केलेलं अपील कुठेच दाखल होत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मी कर्जाच्या फायली तपासत होतो तेव्हा लोक पावती पुढे करायचे. आम्ही मागायचो नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू. तसंच सोसायटीत नॉमिनेशन केलं म्हणून पंचायतीतलं नाव आपोआप बदलत नाही. ती दोन वेगळी दफ्तरं आहेत, आणि एकाची खबर दुसऱ्याला जात नाही.

पाण्याबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. या भागातल्या बऱ्याच पंचायती एमआयडीसीकडून पाणी विकत घेतात, आणि ते येतं सूर्या नदीचं. त्याच सूर्येचं रोज 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी योजलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातलं धरण, आणि मे महिन्यात आपल्याच गेटवर टँकर. याचा राग मलाही आहे. पण पाणीपट्टी थकवून तो राग काढला तर पंचायत एमआयडीसीचं बिल कशातून भरणार? राग काढायची जागा ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. तिथे सोसायट्यांतली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मग ठराव ज्यांनी हजेरी लावली त्यांचे होतात, आणि आपण घरी बसून म्हणतो, आमच्याकडे दिवाबत्ती नाही.

आणि आपला तो नेहमीचा वाद: टँकरचा खर्च सारखा वाटायचा की कसा? आदर्श उपविधीत पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायला सांगितलंय. सेवा शुल्क मात्र सगळ्यांना सारखं. माझ्या मते टँकर हे पाणीच आहे, सेवा नव्हे. वन बीएचकेमध्ये दोघंच राहणारे ज्येष्ठ नागरिक आणि दोन बाथरूमचा फ्लॅट, यांना एकच आकडा लावणं मला कधीच पटलं नाही. काहींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या दिसताहेत. सर्वसाधारण सभेत बोलू.

कमिटीने माझी एक विनंती मान्य केली आहे. येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते एक मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. येताना शेवटची पावती, करारनामा, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं असेल त्यांनी मृत्यूचा दाखलाही आणा. प्रत्येक फ्लॅटचा नमुना 8 चा उतारा मागवायचा अर्ज आपण एकत्रच करू. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी घरपट्टी माफीची सरकारी योजना आहे. आपल्याकडे अशी दोन घरं आहेत, त्यांनी पहिल्याच रविवारी यावं. आणि नवऱ्यासोबत बायकोचंही नाव नोंदीला लावायचं असेल, तर दोघांनी मिळून या. चष्मा विसरू नका, उताऱ्यावरचं अक्षर फार बारीक असतं.